राहणार बेचिराग

माझ्या गावाचं नाव मी इथं लिहिणार नाही. लिहिलं तर तुम्ही नकाशा काढून बसाल, तिथं ते सापडणार नाही, आणि मग मलाच खोटी ठरवाल. ते काम सरकारनं एकदा केलेलं आहे. पुन्हा तुम्ही कशाला करता? गाव होतं. अकोला जिल्ह्यात, काळ्या जमिनीत, नाल्याच्या काठावर, पन्नासेक घरांचं. त्याला स्वतःची शीव होती, पाच पंचांची पंचायत होती, चावडीत भरणारी शाळा होती आणि पोळ्याला बैलांसाठी बांधायचं स्वतःचं तोरण होतं. एवढं असलं की गाव झालं, असं आम्ही समजत होतो. कागदाला काय लागतं ते आम्हाला ठाऊक नव्हतं.

सगळं अडलं ते एका शब्दावर. मी जन्मायच्या आधी प्लेगची साथ आली होती. घरात उंदीर पडायला लागले की गाव सोडायचं, हे तोवर साऱ्यांना कळलं होतं. आमचंही गाव उठलं आणि शेतात तुराट्यांच्या झोपड्या घालून राहिलं. नेमका त्याच दिवसांत पटवारी नोंदी करत आला. वेशीत उभा राहिला. दारांना कड्या, कुठं चुलीचा धूर नाही. प्लेगच्या भीतीनं त्यानं आत पाऊलही टाकलं नाही. वेशीतूनच मागं फिरला आणि दप्तरात एक शब्द लिहून मोकळा झाला : बेचिराग.

ज्या गावठाणात एकही दिवा लागत नाही, ते गाव बेचिराग. शब्द फारसी, पण कचेरीत चांगला मुरलेला. वऱ्हाडात अशी खरोखरची उजाड गावं होतीही. नाव आणि शेतं तेवढी उरलेली, माणूस एक नाही. त्यांच्या पंगतीत आम्हाला नेऊन बसवलं. पुढं साथ ओसरली, लोक घरी परतले, भिंती सारवल्या, दिवे लागले. शब्द मात्र दप्तरातून उठला नाही. सरकारचा सारा शेतावर बसतो, दिव्यावर बसत नाही, त्यामुळे वर्षानुवर्षं कोणाच्या लक्षातही आलं नाही.

मग मध्यप्रांतात आणि वऱ्हाडात गावोगाव पंचायती द्यायची हवा आली. आम्हालाही मिळाली. देणाऱ्यानं पटवाऱ्याचं दप्तर उघडून पाहिलं नसणार. सरपंच झाले एक म्हातारे कुणबी. सारं गाव त्यांना बुढेबाबा म्हणायचं. मास्तर सोडले तर नीट वाचता येणारे गावात तेच एक. कोणाचंही पत्र आलं की त्यांच्या ओट्यावर जायचं. वाईट बातमी असली की ते आधी पाणी पाजत, आणि मग वाचत. पण एक अक्षर इकडचं तिकडं करत नसत. एका बाईला तिच्या भावानं पत्रातून शिव्या घातल्या होत्या, त्याही त्यांनी तिला जशाच्या तशा वाचून दाखवल्या.

आमची पंचायत फार मोठं काही करत नव्हती. कोंडवाडा बांधला, विहिरीच्या ढासळलेल्या पायऱ्या नीट केल्या. विहिरीवरून वाहून जाणारं पाणी आम्हा माळ्यांनी शेवंतीला घ्यायचं की नाही, यावर दोन वर्षं भांडण चाललं. पुण्याच्या माणसानं ती बैठक ऐकली असती तर डोकी फुटणार म्हणून पोलिसाला आणायला धावला असता. आमच्याकडं त्याला बोलणं म्हणतात. आणि चावडीपुढं एक खांब रोवून पंचायतीनं त्यावर कंदील टांगला. दप्तरात दिवा नसलेल्या गावात पंचायतीचा कंदील जळत होता, आणि याची गंमत तेव्हा कोणालाच कळली नाही.

पण पंचायतीचं खरं काम म्हणजे शाळा. अर्ज करून करून बुढेबाबांनी ती आणली. एक मास्तर, चार वर्ग, चावडीची एक खोली. आम्ही सात पोरी त्या शाळेत जायचो. दुसऱ्या गावांत पोरी शाळेत नव्हत्या, आमच्या गावात होत्या, याचं कारण कोणी फार सुधारलेलं होतं असं नाही. चावडी गावाच्या मधोमध होती. पोर कुठं आहे ते आईला हात धुता धुता दिसायचं, एवढंच कारण.

मी तिसरीत होते. अकोल्याला राहणारा माझा मामा बोलून गेला होता, चौथीची सरकारी परीक्षा पास हो, दाखला हातात घे, मग तुला माझ्या घरी ठेवतो आणि मुलींच्या शाळेत पाचवीत घालतो. मामा गमतीनं बोलला असेल, पण मी ते गाठीला बांधलं. वांग्याच्या वाफ्यात खुरपं चालवतानाही मी मनात चौथीच पास होत असे.

आणि हुकूम आला. लहान लहान पंचायती मोडून शेजारच्या मोठ्या गावांत मिळवायच्या. आमचं मोठं गाव म्हणजे नाल्यापलीकडचं, दोन कोसांवरचं. त्याला बाजार होता, टपाल होतं, कापसाचा जिन होता, आणि आमचं शिवार आपलंच आहे असं त्यांना आधीपासून वाटत होतं. त्यांच्यातल्याच कोणीतरी कचेरीत बसून जुनं दप्तर उकरलं आणि तो शब्द वर काढला. बेचिराग गावाला पंचायत कसली? दिवाच लागत नाही तिथं शाळा कोणासाठी? शाळा पलीकडं हलवावी. बुढेबाबांनी हुकूम चावडीत वाचला तेव्हा आधी लोक हसले. मेलेल्या माणसाला स्वतःच्या मरणाची चिठ्ठी आली तर तोही आधी हसेलच.

मी हसले नाही. खरं सांगायचं तर गावाचं मला तेव्हा तितकं वाटलं नाही, चौथीचं वाटलं. पोरं दोन कोस चालत जातील. पोरींना नाला ओलांडून कोण पाठवणार?

गावानं अर्ज केला, आम्ही जिवंत आहोत, येऊन पाहा. आणि नवल म्हणजे एक साहेब खरंच पाहायला आला. तालुक्याच्या कचेरीतला धाकटा अंमलदार, बोलणं पुण्याकडचं. तो भर दुपारी बैलांच्या दमणीतून उतरला. चावडीपुढं खुर्ची टाकली, सारं गाव जमलं. बुढेबाबांनी हात जोडून सांगितलं, ही माणसं, ही घरं, ही शाळा. साहेबानं दप्तरावर बोट ठेवलं आणि थंडपणे म्हणाला, "माणसं कुठूनही गोळा करून आणता येतात. नोंदीप्रमाणे या गावात दिवा लागत नाही."

माझी माय मागं बायांत उभी होती. तिला राग आला की ती बोलत नसे, चालायला लागे. ती तशीच घरी गेली. परत आली ती हातात पेटलेली चिमणी घेऊन, पदरानं वारा अडवत. सरळ खुर्चीपुढं जाऊन उभी राहिली.

"हा घ्या दिवा," ती म्हणाली.

चैतातलं ऊन. त्या उजेडात चिमणीची ज्योत दिसेना. साहेब हसला. "बाई, हा पेटलाय का तरी?"

"दिसत नसन तं हात लावून पाहा साहेब. पोयते का नाई थे!"

मागं बायांत खसखस पिकली आणि मग एकेक बाई घराकडं पळाली. कोणी पणती आणली, कोणी देवापुढची समई उचलून आणली, एकीनं तर चुलीतलं जळतं लाकूडच आणलं. कोणीतरी खांबावरचा कंदील उतरवून पेटवला. भर दुपारी पन्नास घरांचे दिवे घेऊन बाया साहेबाभोवती उभ्या राहिल्या. तो घामानं भिजला, तेलाच्या धुरानं खोकायला लागला. आमची एक चुलती त्याला म्हणाली, "मोजा न बाप्पा, काहून भेऊन राहिले?"

त्यानं मोजले. खरंच मोजले. कारकुनाला सांगून प्रत्येक दिवा घराच्या नावानिशी लिहून घेतला, आणि आमच्या डोळ्यांदेखत दप्तरातल्या बेचिराग या शब्दावर रेघ मारली. त्या संध्याकाळी घरोघर गुळाचा सांजा झाला. मी मायला म्हटलं, आता माझी चौथी वाचली. माय म्हणाली, "वाचन कशी नाई? दिवा काय उसना आनला होता?"

महिनाभरानं दुसरा हुकूम आला. त्यात आमचं गाव वस्तीचं आहे हे मान्य केलेलं होतं. साहेबानं मोजलेली सगळी घरं त्यात होती. फक्त ती पलीकडच्या गावाची वाडी म्हणून लिहिली होती. आधी आमच्याकडं नुसतं नाव होतं आणि दिवे नव्हते. आता दिवे होते आणि नाव गेलं. आम्ही हातात धरून दाखवलेला एकेक दिवा त्यांनी पलीकडच्या गावात नेऊन घातला. त्या साहेबाला मी आजही माफ केलेलं नाही. तो कोण होता, कुठं गेला, मला माहीत नाही, पण माफ केलेलं नाही.

शाळेचं सामान न्यायला गाडी मागितली तेव्हा गावातला एकही बैल मोकळा नव्हता. साऱ्यांचे बैल एकाच दिवशी लंगडे झाले होते. पलीकडच्यांनी स्वतःची गाडी आणली आणि फळा, घंटा, भिंतीवरचा नकाशा उचलून नेला. आमच्या मास्तरांची बदली झाली. पंचायतीचा कंदीलही सरकारी म्हणून मागितला, पण तो खांबावर नव्हता. कुठं गेला कोणालाच ठाऊक नव्हतं. बुढेबाबांकडं पंचायतीच्या ठरावांची वही मागितली. ते ओट्यावर तिच्यावरच बसले होते. म्हणाले, "मी उठलो की घेऊन जा." येणारे तीनदा येऊन गेले, आणि तिन्ही वेळा म्हातारा बसलेलाच होता.

त्या वर्षी पोळ्याला आमचे बैल पलीकडच्या तोरणाखाली न्यावेत असा निरोप आला. आम्ही आमचं तोरण दुप्पट लांब बांधलं.

पण शाळा गेली होती, आणि बाकीचा सगळा ताठा माझ्या काय कामाचा? मी दोन दिवस जेवले नाही. तिसऱ्या दिवशी मायनं माझ्यापुढं टोपली आपटली. टोपलीत मेथीच्या जुड्या आणि वांगी होती. "उचल," ती म्हणाली.

"मले नाई जायाचं बजारात."

"बजारात मी बसन. तू शायेत जाऊन बस. पोट्टी शायेत चालली म्हटलं का धा तोंडं उघडतेत. पोट्टी भाजी घेऊन चालली, त्याले कोन काय म्हनते?"

माळ्याची पोर डोक्यावर टोपली घेऊन कुठंही जाऊ शकते, हे मायला माझ्याआधी सुचलं. दुसऱ्या आठवड्यात आम्ही चार पोरी झालो. एक तर कुणब्याची होती, तिच्या घरी भाजीच नव्हती. तिच्या टोपलीत आमचीच मेथी घातली. नाला ओलांडायचा, दोन कोस चालायचं, शाळेच्या ओसरीत टोपल्या ठेवायच्या. माय त्या उचलून बाजारात न्यायची आणि शाळा सुटली की रिकाम्या टोपल्या आमच्या डोक्यावर द्यायची. पलीकडची पोरं आम्हाला 'मेथीच्या जुड्या' म्हणत. त्यातल्या एकाच्या पाठीत मी टोपली हाणली, मग म्हणेनासा झाला.

मायनं एकच अट घातली होती. नाव घालायच्या दिवशीच तिनं मला बजावलं, "गाव इचारलं तं आपलं सांगजो. शिकून जो दाखला भेटन, त्याच्यावर आपलं गाव पायजे. दुसऱ्याचं गाव लेयलेला कागद मी घरात घेनार नाई. मंग थे अकोला नोको अन् काई नोको."

तिथल्या मास्तरांनी हजेरीपटासाठी विचारलं, "राहणार?" मी आमच्या गावाचं नाव सांगितलं. त्यांनी पलीकडचं लिहिलं. मी म्हटलं, गुरुजी, चुकलं. त्यांनी हात पुढं करायला सांगितला आणि छडी मारली. पुढं दीड वर्षात हे किती वेळा झालं त्याची गणती नाही. ते माणूस म्हणून वाईट नव्हते, गणित फार छान शिकवत. पण तेही हट्टी आणि मीही हट्टी. छडी खाऊन हात लाल झाला की मी तो मायला दाखवायची, आणि ती त्यावर शेवंतीचा पाला चोळून द्यायची. तिला छडीचा राग नव्हता. मी काय बोलले म्हणून छडी बसली, तेवढं ती पुन्हा पुन्हा विचारून घ्यायची.

परीक्षेला दिपोटी आला, म्हणजे शाळा तपासणारा अधिकारी. तोंडी परीक्षेत त्यानं मला जिल्ह्याचे तालुके विचारले. मी धडाधड म्हटले, अकोला, अकोट, बाळापूर, मूर्तिजापूर, वाशीम, मंगरूळ. मग त्यानं सहज विचारलं, तू कुठली? मी सांगितलं. त्यानं कागद चाळले.

"या नावाचं गाव नाही."

"मंग मी आली कुठून?" मी विचारलं.

मास्तरांनी कपाळाला हात लावला. दिपोटीनं चष्मा काढून माझ्याकडं पाहिलं आणि मला वजाबाकीची तीन अवघड उदाहरणं घातली. तिन्ही बरोबर आली.

मी पास झाले. चौघींपैकी तिघी पास झालो. दाखला यायला पुष्कळ दिवस लागले, आणि तो आला त्याच आठवड्यात मामाचा निरोप होता की येत्या सोमवारी पोरीला न्यायला येतो, कागद तयार ठेवा. मास्तरांनी दाखला माझ्या हातात दिला, तो देताना माझ्याकडं पाहिलं नाही. ठळक शाईनं माझं नाव, वडिलांचं नाव, इयत्ता चौथी उत्तीर्ण. खाली, राहणार : पलीकडचं गाव. मी म्हटलं, गुरुजी, हे बदलता येईल का? ते हळू म्हणाले, "अर्ज कर. वर्षभर लागेल. कदाचित बदलणारही नाही."

दोन कोस मी तो कागद छातीशी धरून चालले. वर्षभर थांबले तर मामा थांबणार नव्हता, आणि घरी माझ्या लग्नाचं बोलणं दबक्या आवाजात सुरू झालं होतं, ते मी ऐकलं होतं. या एका कागदावर मी अकोल्याला जाणार होते. आणि याच कागदाला माय उंबऱ्याच्या आत घेणार नव्हती.

ती दारातच उभी होती. "भेटला?"

"हो."

"आपलं गाव लेयलं?"

आयुष्यात मी पुष्कळांशी भांडले आहे. सासरी दर्यापूरकडं भांडले, इथं अमरावतीत कचेऱ्यांमधून भांडले, कोणापुढं नमतं घेतलं नाही. त्या दारात मात्र मी मान खाली घातली आणि म्हटलं, "हो. लेयलं."

मायनं माझ्या तोंडाकडं पाहिलं. मग हात पुसून म्हणाली, "चाल. बुढेबाबाकडून वाचून घेऊ. मले ऐकाचं हाय."

गल्लीतून जाताना तिनं साऱ्या बायांना हाका मारल्या, चिमण्या घेऊन उभ्या राहिलेल्या त्याच साऱ्या बाया. ओट्यावर पोचेस्तोवर मागं वीसपंचवीस जणी झाल्या. बुढेबाबा नेहमीच्या जागी, वहीवर बसलेले. मायनं दाखला त्यांच्यापुढं धरला. "वाचा बाबा. मोठ्यानं वाचा. गाव कोनतं लेयलं थे वाचा."

त्यांनी चष्मा लावला. माझं नाव वाचलं. वडिलांचं नाव वाचलं. इयत्ता चौथी, उत्तीर्ण, असं वाचलं. मग ते थांबले. कागद डोळ्यांजवळ नेला, लांब धरला, आणि चष्म्यावरून माझ्याकडं पाहिलं. मला रडूही येईना. ज्या माणसाची पंचायत गेली होती, दीड वर्ष जो ठरावांची वही अंगाखालून सोडत नव्हता, त्याच्या हातात मी आमच्या गावाचं नाव पुसलेला कागद दिला होता, आणि मायला खोटं सांगून दिला होता.

म्हाताऱ्यानं घसा साफ केला. "राहणार," तो म्हणाला, आणि खणखणीत आवाजात आमच्या गावाचं नाव घेतलं.

"पुन्हा वाचा," माय म्हणाली.

त्यांनी पुन्हा वाचलं, पहिल्यापेक्षा मोठ्यानं. बायांनी एकमेकींकडं पाहिलं, कोणी पदर डोळ्यांना लावला, कोणी हसली. मायनं माझ्या पाठीवर असा हात मारला की मी पुढं झुकले, आणि ती साऱ्यांना ते नाव सांगत सुटली, जणू तिनं स्वतः वाचलं.

बुढेबाबांनी दाखल्याची घडी घातली. एक, मग दुसरी, अगदी लहान. माझी मूठ उघडून ती आत ठेवली आणि वरून माझी बोटं स्वतःच्या हातानं मिटली.

"जा अकोल्याले," ते माझ्यापुरतं म्हणाले. "अन् गावात दुसऱ्या कोनाले वाचाले देऊ नोको."